एकशे चाळीस ग्रॅम जास्त

साहेबांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक गुरुत्वाकर्षण आणि दुसरं स्वतःचं नाक. बाकी सगळं पडताळून घ्यायचं. बत्तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा तरी काय करणार? पारड्याखाली चिकटवलेलं मेण, काट्याच्या पोटात दडवलेलं लोहचुंबक, मापाच्या तळाला आतून ठोकलेला जास्तीचा पत्रा, हे सगळं त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की कुणी हसून "या, बसा" म्हटलं तरी ते आधी खुर्चीचे पाय बघायचे.

निवृत्तीनंतर नवराबायको लेकीच्या गावी राहायला आले, त्याला आता चार वर्षं झाली होती. इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. साहेबांना त्याचं वाईट वाटायचं. रस्त्यातून जाताना एकही दुकानदार उठून उभा राहत नाही म्हणजे काय? बायकोला मात्र त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. उलट तब्येत सुधारल्यासारखी दिसायची. साहेबांनी याचं श्रेय इथल्या हवेला दिलं होतं.

गावाच्या कडेला जुन्या गोदामांमागे मोकळं मैदान होतं. तिथं दर रविवारी सकाळी आसपासचे शेतकरी आपापला माल घेऊन बसत. पिकवील त्यानेच विकायचं, मध्ये दलाल नाही, असा तिथला नियम. बायको सात वाजता दोन पिशव्या घेऊन निघायची आणि अकराला परत यायची. दोन माणसांच्या भाजीला चार तास. साहेबांनी पहिल्या महिन्यातच हे मनाशी टिपून ठेवलं होतं. एकदा विचारलंही. ती म्हणाली, निवडून घ्यावं लागतं. आणि शेंगा सोलताना ती गुणगुणत होती. चाळीस वर्षांच्या संसारात भाजी आणल्यावर ही बाई कधी गुणगुणली नव्हती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी वाटी बदलली आणि सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. वाटी बदलल्याचं तिला एवढं वाटलं नाही, जेवढं त्या सहा रविवारांचं वाटलं. पहिला रविवार भाजीविना गेला, कारण साहेबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले टोमॅटो तिने एकदा दाबून बघितले आणि बाजूला ठेवले. दुसऱ्या शनिवारी तिने त्यांना पलंगाशेजारी बसवलं आणि कुठं काय घ्यायचं ते समजावलं. शेंगा आणि वाटाणा निळ्या ताडपत्रीखाली बसते तिच्याकडून. टोमॅटो तिच्या डाव्या हाताला. भोपळा आजोबांकडचा, पण कापलेला नाही, अख्खा लहान बघून. साहेब मान डोलवत होते. सगळं सांगून झाल्यावर ती थांबली.

"आणि हे बघा, तुम्ही कुठल्या खात्यात होतात ते तिथं काढू नका."

"का बरं?"

"माझ्यासाठी. मला पुन्हा जायचंय तिथं. बाकी काही मागत नाही मी."

खरंच ती कधी काही मागत नसे. साहेबांनी हो म्हटलं आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खातं लपवायचं ते कशासाठी? ज्याचा काटा सरळ असतो त्याला निरीक्षकाची भीती नसते, हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात किती दुकानांत उच्चारलं असेल. ते आपल्या बायकोला लावायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

रविवारी ते साडेसातला मैदानात शिरले, हात पाठीमागे बांधून, तपासणीला यायचे तसे. आता खरं सांगायचं तर कुणालाही आवडावी अशीच ती जागा होती. ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या कोथिंबिरीचा वास. पालेभाजीच्या जुड्या अजून थंडगार. एका बाईने गाजरं पाल्यासकट रचून ठेवली होती आणि गिऱ्हाईक समोर आलं की एक गाजर मोडून त्याचा कडकन आवाज ऐकवत होती. टोमॅटोंना चक्क टोमॅटोचा वास होता. साहेबांनी तो घेतला, पुन्हा घेतला आणि मग आपण इथं वास घ्यायला आलेलो नाही हे आठवून पुढे सरकले. पालेभाजीवर पाणी जरा जास्त मारलं होतं. पाण्याला वजन असतं. नोंद घेतली.

निळ्या ताडपत्रीखालची शेंगावाली पस्तीस-चाळिशीची, बोलकी. तिने पिशव्या बघितल्या आणि चेहऱ्याकडे बघायच्या आधीच विचारलं, ताईंच्या पिशव्या तुमच्याकडे कशा? गुडघ्याचं कळल्यावर तिने हातातलं काम टाकलं. दुखतं का, उठता येतं का, जिना चढतात का, पन्नास प्रश्न. शेजारचा टोमॅटोवाला उठून आला. पलीकडून भोपळेवाले आजोबा आले. साहेबांभोवती एवढी गर्दी यापूर्वी जप्तीच्या वेळीच झाली होती.

"म्हणजे तुम्ही ताईंचे मिस्टर," आजोबा म्हणाले. "पोस्टातले."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोस्टातले. बत्तीस वर्षांत एक रुपयाचा ठपका नाही, दोन वेळा खात्याचं प्रशस्तिपत्र, आणि बायकोने त्यांना तिकिटं चिकटवायला बसवलं होतं. पण शब्द दिलेला होता. त्यांनी घशातल्या घशात हं केलं. शेंगावालीने अर्धा किलो शेंगा मोजल्या, पिशवीत ओतल्या आणि वर एक पसा टाकला. आजोबांनी भोपळ्यासोबत चार लिंबं घातली. टोमॅटोवाल्यानेही वर एक टोमॅटो घातला होता, ते घरी तोलल्यावर कळलं.

घरी आल्यावर साहेबांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि तराजू काढला. हा त्यांचा स्वतःचा, निवृत्तीच्या दिवशी स्वतःला भेट दिलेला, पितळी वजनांच्या पेटीसकट. शेंगा सहाशे चाळीस ग्रॅम भरल्या. टोमॅटो किलोला अकराशे दहा. त्यांनी दोनदा तोललं. कमी भरलेलं त्यांनी हजारदा पाहिलं होतं, त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. एकशे चाळीस ग्रॅम जास्त म्हणजे मामला गंभीर होता. त्यांच्या अनुभवात विकणारा माणूस वरचं देतो ते तीनच कारणांनी. माल खराब असतो, काटा बिघडलेला असतो, नाहीतर समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. शेंगा तर कोवळ्या लुसलुशीत होत्या. राहिली दोन कारणं.

बायकोने आतून विचारलं, सगळे भेटले का, काय म्हणाले. तिच्या आवाजात एवढी उत्सुकता होती की साहेबांनी तीही टिपून ठेवली. पोस्टाबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. छापा घालायच्या आधी कुणी दुकानदाराला निरोप पाठवतं का? त्यांनी फक्त सगळे विचारत होते एवढंच सांगितलं. ती उशीला टेकली आणि हसली. मग सगळं खुलवून सांगा म्हणाली. गाजरं कशी होती, आजोबांचा खोकला गेला का, शेंगावाली काय नेसली होती. साहेबांना यातलं काही सांगता येईना. त्यांनी काटे पाहिले होते.

पुढच्या रविवारी निघताना त्यांनी पेटीतलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. तोंडाने काही बोलायचं नाही असा शब्द होता. खिशात काय ठेवायचं नाही, यावर काही ठरलं नव्हतं. माणूस स्वतःशी किती चोखपणे खोटं बोलू शकतो त्याला मात्र कुठलंच माप नाही.

त्या दिवशी शेंगावालीने त्यांना आपल्याशेजारच्या पालथ्या खोक्यावर बसायला सांगितलं. हे ताईंचं खोकं, म्हणाली. साहेब उभेच राहिले. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की बाई, मागच्या खेपेला माल जास्त कसा आला. ती हसायला लागली. ताई असत्या तर याच्या दुप्पट घेऊन गेल्या असत्या, म्हणाली. आणि मग तिने जे सांगितलं ते साहेब तोंडात बोट घालून ऐकत राहिले. त्यांची बायको भाव करते. नुसता करत नाही, असा करते की आजूबाजूचे धंदा सोडून ऐकायला येतात. शेंगेला म्हणते, अगं तू एवढी बारीक, घरी नीट जेवायला घालत नाहीत वाटतं. मग त्या बारीक शेंगेची कीव म्हणून आणखी मूठभर मागते. आजोबांच्या भोपळ्याला टिचकी मारून विचारते, आत कुणी आहे का. मग हवं ते पदरात पाडून घेते आणि खोक्यावर बसून इतरांची गिऱ्हाइकं होताना बघते, कधी शेंगा निवडून देते, कधी सुट्टे काढून देते. शेंगावालीच्या सासूला बरं नव्हतं तेव्हा दोन रविवार साहेबांच्या बायकोनेच ताडपत्री सांभाळली होती.

साहेबांनी आपल्या बायकोला भाव करताना एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांनीच तिला बंदी घातली होती, खात्यात लागले त्या पहिल्याच आठवड्यात. भाव करायचा नाही, वरचं घ्यायचं नाही, दुकानात बसायचं नाही, बोलत उभं राहायचं नाही. निरीक्षकाची बायको आहेस, उद्या कुणी बोट दाखवायला नको. तिने ते पाळलं. ती दुकानात शिरली की बोलणी थांबत, माल दोनदा तोलून पुड्यात बांधला जाई आणि ती पैसे देऊन निघे. बत्तीस वर्षं. एकाही वाण्याने तिला कधी दोन वेलदोडे हातावर ठेवले नाहीत, आणि ठेवले असते तर साहेबांनी ते परत करायला लावले असते.

इथंच ते थांबले असते तर बरं झालं असतं. उत्तर मिळालं होतं, आणि खरं होतं. पण उत्तर फारच गुळगुळीत होतं. साहेबांना आयुष्यात भेटलेल्या प्रत्येक लबाड माणसाकडे अशीच एक छान गोष्ट तयार असायची. शेंगावाली मागे वळून पोत्याचं तोंड सोडायला लागली, तेवढ्यात त्यांनी रुमाल उलगडला आणि वजन तिच्या काट्यावर ठेवलं. शंभर. एका कोपऱ्यात ठेवलं, शंभर. दुसऱ्या कोपऱ्यात, शंभर. काटा सोन्यासारखा होता. साहेबांना क्षणभर फार बरं वाटलं. चांगला काटा भेटला की त्यांना नेहमीच तसं वाटायचं.

"साहेब, तुम्ही पोस्टात कधी गेलात?"

समोरच्या ओळीतला कांदेवाला उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. साहेबांनी त्याला ओळखलं नाही, पण त्याने ते वजन ओळखलं होतं. वर बारीक मूठ असलेलं, खात्याच्या नमुन्याचं पितळी वजन खिशात घेऊन एकाच जातीचा माणूस फिरतो. मग त्याने चेहराही जुळवला. त्याचं पूर्वी साहेबांच्या हद्दीत धान्याचं दुकान होतं. काट्यावरच्या तपासणीच्या शिक्क्याची मुदत उलटून नऊ दिवस झाले म्हणून साहेबांनी त्याचा काटा उचलून नेला होता. ऐन हंगामात. तो काही रागाने बोलला नाही. फक्त सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

शेंगावाली वळली तेव्हा वजन अजून काट्यावरच होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग शेजारच्या रिकाम्या खोक्याकडे. नंतर तिने फडक्याने काटा पुसला आणि विचारलं, काय देऊ साहेब.

पाच मिनिटांत बातमी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. साहेब पुढे निघाले तशी माणसं सावरून बसली. कुणी काटा शून्यावर आणून दाखवला, कुणी आकडा मोठ्याने वाचला. गाजरवालीने गाजर मोडलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण साहेबांची छाती जराशी पुढे आली. चार वर्षांनी पुन्हा सगळीकडून साहेब, साहेब. एका पोरसवदा पालेभाजीवाल्याला तर त्यांनी पाणी कमी मारत जा म्हणून सांगितलंही. घरी येऊन तोललं तर सगळं बरोबर भरलं, एका ग्रॅमचाही फरक नाही. ते समाधानाने पेटी बंद करून आत गेले. बायकोने विचारलं, आज काय दिलं शेंगावालीने वरून. काही नाही, म्हणाले, आज घाईत होती.

त्यानंतरचे तीन रविवार ते गेले आणि तोलून-मापून भाजी घेऊन वीस मिनिटांत परत आले. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडत होती.

सातव्या रविवारी ती पहाटेच उठली. आंघोळ केली, बरी साडी नेसली, काठी घेतली. साहेब पिशव्या घेऊन मागून चालले. मैदानाच्या तोंडाशी पोचल्यावर तिने चाल वाढवली, नव्या गुडघ्याला जेवढं जमेल तेवढी. तिने लांबूनच निळी ताडपत्री बघितली आणि हाक मारली.

शेंगावाली उठून उभी राहिली. "या, बाईसाहेब," ती म्हणाली.

बायको हसली. तिला वाटलं थट्टा चाललीय. ती पुढे झाली आणि एक शेंग उचलून तिच्याशी बोलायला लागली, की तू अजून अशीच बारीक, मी सहा आठवडे नव्हते तर तुला कुणी विचारलं नाही ना. कुणी हसलं नाही. टोमॅटोवाला क्रेट नीट लावण्यात गुंतला होता. आजोबांनी लांबून मान हलवली. शेंगावालीने अर्धा किलो तोललं, काटा तिच्याकडे वळवला आणि म्हणाली, बघून घ्या, बरोबर आहे. बायकोने काट्याकडे बघितलं नाही. ती खोक्याची जागा बघत होती. तिथं वाटाण्याचं पोतं ठेवलं होतं. मग तिने वळून साहेबांकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, खिशाकडे. चाळीस वर्षांचा संसार, तिला विचारावं लागलं नाही.

तिने पैसे दिले, पिशवी साहेबांच्या हातात दिली आणि काठी टेकत निघाली. साहेबांनी तिला मैदानाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि ते परत आत गेले. उभ्या आयुष्यात ते कुणापुढे हात जोडायला गेले नव्हते. त्यांनी शेंगावालीला सांगितलं की मी आता कुणी नाही, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि असतो तरी ही माझी हद्द नाही. मी काटा तपासणार हे बायकोला माहीत नव्हतं, चूक माझी आहे, तिच्याशी पहिल्यासारखं वागा.

"आम्ही कुठं काय म्हणतोय साहेब," शेंगावाली म्हणाली. ती खरंच शांत होती. मग शेंगांवर फडकं सारखं करत म्हणाली, "पण दोन वर्षं त्या माझ्याशेजारी बसल्या. नवरा पोस्टात म्हणाल्या. माझी ताडपत्री मी त्यांच्या हवाली केली. बसून त्या काय बघत होत्या ते आता मला कसं कळणार?"

हा प्रश्न साहेबांचाच होता. नेमका याच सुरात त्यांनी तो शेकडो दुकानांत विचारला होता आणि कुणाचंही उत्तर कधी पुरेसं मानलं नव्हतं. ते बाकाकडे आले. दोघं सावकाश घरी आले आणि शेंगांची भाजी झाली. चवीला पहिल्याइतकीच चांगली होती.

आठवडा तसाच गेला. साहेबांनी रोज एकदा तरी विषय काढायचा ठरवला आणि एकदाही काढला नाही. पेटी त्यांनी माळ्यावर टाकून दिली. तिने ते पाहिलं. रविवारी सकाळी सात वाजून गेले तरी ती टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसून होती. साहेब कपडे करून आले, पिशव्या घेतल्या, तिची काठी आणून तिच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"चल ना," ते म्हणाले. "मी बाहेर बाकावर बसतो. आत येत नाही."

तिने पान उलटलं.

"तुम्हीच या जाऊन," ती म्हणाली. "माझी आता तिथं कुणाशी ओळख नाही."